आधी नाव, मग टायर, मग काय ती हौस

मंडळी, लांबलचक लिहिते आहे. चहा घेऊन बसा. वाचून काहींना राग येईल, येऊ द्या.

परवा आपल्या इथे एक फोटो आला होता. इंदूरचंच कुटुंब. पुण्याच्या आत्येभावाकडून जुनी अल्टो घेतली. बॉनेटवर हार, चाकाखाली लिंबू, घरातली तीन पिढ्यांची माणसं हसत उभी. खाली लिहिलेलं, "राहतो इंदुरात, पण नंबर मात्र एमएच-१२ च ठेवलाय! घरचाच व्यवहार, नावावर करायची घाई नाही." दोनशेच्या वर हार्ट आले. मीही अंगठा दाबला. सवयच लागली आहे ना आपल्याला. नंतर खालच्या कमेंट वाचल्या. "आमचीही तशीच आहे." "आरटीओच्या फेऱ्या कोण मारणार हो!" "टॅक्स दोनदा कशाला भरायचा?" "सीट कव्हर मस्त, कुठून घेतले?"

एकानंही विचारलं नाही की विमा कोणाच्या नावावर आहे. एकानंही विचारलं नाही की टायर कोणत्या साली बनलेत.

म्हणून हे लिहिते. माझं म्हणणं एका वाक्यात असं : जुनी गाडी घेतली की तिच्यातली पहिली सुधारणा म्हणजे आरसीवर आपलं नाव, दुसरी टायर आणि ब्रेक, तिसरी दिवे. सीट कव्हर, टचस्क्रीन आणि नंबरप्लेटचा अभिमान हे सगळं त्यानंतर. आपल्या घरांत हा क्रम नेमका उलटा लागतो, आणि तो "घरचाच व्यवहार" या दोन शब्दांमुळे लागतो.

आता आमच्याच घरचं सांगते. दुसऱ्याचं सांगून शहाणपण शिकवणाऱ्यांतली मी नाही.

माझे मोठे दीर नोकरीनिमित्त पुण्याला गेले ते तिथलेच झाले. आम्ही मात्र चार पिढ्या इथेच, रामबागेत. २०१७ च्या दिवाळीत भाऊजींनी नवी गाडी घेतली आणि त्यांची २००९ ची अल्टो आम्हाला दिली. सव्वा लाख रुपये. रोख नाही, हप्त्याहप्त्यानं, जमेल तसे. भाऊजी म्हणाले, "बाहेर विकली तर दलाल खाईल, घरात राहू दे." त्यात त्यांचं प्रेमच होतं, हे आधी सांगून ठेवते.

आमचे हे आणि मुलगा दोघं पुण्याहून गाडी घेऊन आले. धुळे, शिरपूर, बिजासनचा घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदेत नाणं टाकलं, मानपूरचा चढ चढून रात्री दहाला दारात. गाडीनं रस्त्यात काहीच कुरकुर केली नाही. आठशे सीसीला चार सीसी कमी, तीन सिलिंडरचं ते जुनंच इंजिन. मारुती ८०० पासून अर्ध्या हिंदुस्थानानं चालवलेलं, कुठल्याही खेड्यातल्या मिस्त्रीला उघडता येणारं. आपल्यासारख्यांना ही गाडी का आवडते ते मला कळतं. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती दिल्लीत मालकाच्या हाती पडली, तेव्हापासून "आपली गाडी" म्हणजे हीच. इथे होळकर महाराजांच्या गाड्यांचे फोटो दर पंधरा दिवसांनी येतात आणि आपण सगळे "काय ते वैभव!" म्हणतो. पण आपल्या आठवणी अल्टोच्या आणि मारुतीच्याच असतात. मागे चार मुलं, मांडीवर डबा, खिडकीतून वारा.

तर गाडी आली. मग सुरू झाली सुधारणा.

आजही वही माझ्याकडे आहे. टचस्क्रीन, मागचा कॅमेरा, स्पीकर : १६,५००. सीट कव्हर : ७,०००. चकचकीत व्हीलकॅप, क्रोमच्या पट्ट्या, मागचा स्पॉयलर : ५,५००. पांढरे एलईडी दिवे : ३,०००. डेंटिंग-पेंटिंग : ६,०००. एकूण ३८,००० रुपये. गाडी नव्यासारखी दिसायला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नवी घेतली का गं?" मी पण हसून "जुनीच आहे हो" म्हटलं, आणि मनातून खूश झाले.

व्हीलकॅपच्या बाहेरचे टायर मात्र तेच होते. त्यावर काय छापलंय ते कोणी वाकून बघितलं नाही. मागचे सीटबेल्ट नव्या कव्हरखाली गाडले गेले, त्यांची कुलपं वर काढायला भोकंच ठेवली नव्हती. तेही कोणाला खटकलं नाही.

नावावर करायचा विषय मी दोनदा काढला. हे म्हणाले, "दादाची गाडी आहे, परक्याची आहे का? आणि एमएच-१२ जाऊन एमपी-०९ येणार. राहू दे." मुलगा म्हणाला, "आई, पुण्याच्या नंबरची शान वेगळी असते." मी गप्प बसले. माझी चूक तिथे झाली, हे मान्य.

२०१८ च्या जूनमध्ये विम्याची मुदत संपली. भाऊजींनी सवयीनं ऑनलाइन भरून टाकला. २०१९ च्या जूनमध्ये भाऊजींना वाटलं, आता गाडी त्यांच्याकडे आहे तर तेच भरतील. आम्हाला वाटलं, पॉलिसी दादाच्या नावावर आहे तर मेसेज त्यांनाच येतो, तेच भरतील. दोघंही भले. कोणीच भरला नाही.

एकोणिसाव्या दिवशी, जुलैत, पहिल्या जोरदार पावसात, देवास नाक्याजवळ पुढच्या मोटरसायकलवाल्यानं गती कमी केली. मुलानं ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही, सरकत गेली. त्या मोटरसायकलवरच्या मुलाचा पाय मोडला, मांडीत सळई घालावी लागली. नमकीनच्या कारखान्यात काम करणारा तेवीस वर्षांचा मुलगा, सहा महिने घरी बसला. मी त्याच्या आईला भेटायला गेले होते. ती काही बोलली नाही, तिनं पाणी दिलं फक्त. ते पाणी मला आजही आठवतं.

नंतर आमच्या मिस्त्रीनं, ज्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणतो, टायरवर नखानं टकटक केलं. "भाभी, ये टायर नहीं, पत्थर हैं." टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. आमच्या टायरवर २३११ होतं. म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. आठ वर्षांचं रबर. नक्षी भरपूर शिल्लक होती, कारण गाडी कमी चालली होती. आपल्याला वाटतं नक्षी आहे म्हणजे टायर चांगला. पण रबर वयानं कडक होतं, ओल्या रस्त्यावर पकड सोडतं, आणि नक्षी बघून ते कळत नाही.

पुढचं ऐका. मोटार अपघात दाव्याची नोटीस कोणाला गेली? गाडीचा मालक कोण, तर आरसीवर ज्याचं नाव तो. नोटीस गेली पुण्याला. आमच्या भाऊजींना. वय ७१, नुकतंच बायपास झालेलं. ज्यांनी ती गाडी दोन वर्षांत डोळ्यांनी बघितली नव्हती, त्यांना तिच्यासाठी इंदूरच्या कोर्टात यावं लागलं, दोनदा. बाकावर हातात फाइल घेऊन बसलेले भाऊजी मला बघवत नव्हते. विमा नव्हता, त्यामुळे भरपाई विमा कंपनीकडून येण्याचा प्रश्नच नव्हता. ती मालकानं आणि चालवणाऱ्यानं द्यायची. व्याजासकट ३,८०,००० रुपये. भरले आम्हीच, मुलीच्या नावची एफडी मोडून. पण ऑर्डरवर नाव भाऊजींचं. फोनवर जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, तुमच्या नंबरप्लेटच्या हौसेपायी आमचा माणूस कोर्टात उभा राहिला." माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. दिवाळीचा फोन येतो, पण पूर्वीसारखं बोलणं राहिलं नाही.

आता ज्यांना वाटतं की आमचंच नशीब फुटकं होतं, त्यांच्यासाठी कायदा साध्या भाषेत सांगते.

गाडी विकली की नोंदणी बदलायची जबाबदारी दोघांवर असते. देणाऱ्यानं त्याच राज्यात १४ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यात गेली तर ४५ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. फॉर्म २९ आणि ३०. राज्य बदलत असेल तर आधी जुन्या आरटीओकडून फॉर्म २८ वरचं ना-हरकत पत्र, मग नव्या राज्याचा टॅक्स आणि नवा नंबर. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. ही काही ऐच्छिक गोष्ट नाही. विम्यावर नाव बदलायचा अर्ज १४ दिवसांत. तिसऱ्या माणसाचं नुकसान भरून देणारा भाग गाडीबरोबर आपोआप जातो, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही. जुन्या मालकाच्या नावच्या पॉलिसीवर नवा मालक क्लेम मागायला गेला की हात हलवत परत येतो.

आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्टच सांगितलं आहे. त्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी बऱ्याच हातांतून गेली होती. न्यायालय म्हणालं, आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक धरायचा, भरपाईची जबाबदारी त्याची. जखमी झालेल्या माणसानं खरा मालक शोधत गावभर हिंडायचं का? मला विचाराल तर निकाल बरोबर आहे. आमच्या विरोधात जाणारा असला तरी बरोबर आहे.

आता माझा वाद आपल्यातल्या तीन प्रकारच्या माणसांशी आहे.

पहिले, नंबरप्लेटवाले. माझ्या घरातलेच आहेत, म्हणून प्रेमानं बोलते. आपण महाराष्ट्राबाहेर राहतो, म्हणून महाराष्ट्राची एखादी खूण जवळ असावी असं वाटतं. समजतं मला. वडोद्यात एमएच-१५ दिसली की आपण काच खाली करून "नाशिकचे का?" विचारतो. बेळगावच्या मंडळींचं दुखणं तर वेगळंच. तिथे कोल्हापूरची एमएच-०९ जाऊन केए-२२ लावताना हात थरथरत असेल, मी त्याची थट्टा करणार नाही. पण मराठीपण टिकवायला घरात बोलायची भाषा आहे, मुलांची लग्नं, गणपती, वाचनालय, नाटकमंडळ आहे. दोनशे वर्षांहून जास्त काळ माळव्यात आपण त्याच जोरावर मराठी राहिलो. त्या वेळी कोणाकडे एमएच-१२ होतं? आपली ओळख पत्र्याच्या तुकड्यावर टांगायची आणि तिचं बिल पुण्याच्या म्हाताऱ्या भावाच्या नावावर फाडायचं, हा कुठला अभिमान?

दुसरे, काटकसरवाले. "टॅक्स दोनदा का भरायचा?" खरं सांगू, ह्या लोकांची तक्रार खोटी नाही. एका राज्यात आयुष्यभराचा टॅक्स भरलेली गाडी दुसऱ्या राज्यात नेली की पुन्हा टॅक्स, आणि पहिल्या राज्याकडून उरलेला परतावा मागायचा तर अर्ज, झेरॉक्स, वाट बघणं. हे बदलायला हवं, त्यासाठी भांडायला मी पहिली येईन. पण तोवर? आम्हाला शेवटी नावावर करायला सगळं मिळून १७,००० रुपये लागले, तेही अपघातानंतर पोलिसांचा दाखला काढून, दुप्पट फेऱ्या मारून. आधीच केलं असतं तर फेऱ्या निम्म्या झाल्या असत्या. ३८,००० ची सजावट करताना आमची काटकसर कुठे गेली होती? आपण कंजूस नाही हो, आपण चुकीच्या जागी कंजूस आहोत.

तिसरे, सजावटवाले. यात आजकालची मुलं आणि त्यांचे बाप दोघं आले. दिसणाऱ्या वस्तूवर खर्च झाला की समाधान मिळतं. ब्रेकचं तेल बदललं ते कोणाला दाखवणार? म्हणून आता आमची दुसरी वही वाचा, २०२१ ची, नावावर केल्यानंतरची :

पाच टायर, स्टेपनी धरून, कंपनीच्याच मापाचे १४५/८० आर-१२ : १३,५००. पुढचे ब्रेक पॅड, मागचे शू, रबरी होज आणि ब्रेक ऑइल : ६,२००. पुढचं सस्पेन्शन, बुश, लोअर आर्म : ५,८००. दिव्यांना रिले आणि जाड वायर : १,४००. टायमिंग बेल्ट आणि कूलंटचे पाइप : ४,१००. एकूण ३१,०००.

एकेकाचं कारण सांगते, म्हणजे दुकानदार काही गळ्यात मारणार नाही. रुंद टायर घालू नका. आमच्या एलएक्स मॉडेलला पॉवर स्टिअरिंग नाही, रुंद टायरनं ते जड होतं आणि मायलेज पडतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, घाटात ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी बदलायचं, खर्च किरकोळ. गणेश घाटात ट्रकचे ब्रेक जातात हे आपण पेपरात वाचतो, पण आपल्या तेलाचा रंग बघत नाही. दिव्यांचं असं, की जुन्या गाडीत सगळा करंट स्विचमधून जातो, वायर बारीक, त्यामुळे बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतच नाही. रिले लावला की तोच साधा बल्ब उजळतो. जास्त वॅटचा बल्ब घातलात तर होल्डर वितळेल, आणि हॅलोजनच्या जागी बसवलेले ते पांढरे एलईडी समोरच्याला आंधळं करतात. आमचे काढून फेकले. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर बदललेला नाही असंच धरा.

आणि एक काम फुकटात झालं. सीट कव्हरला कात्री लावून मागचे बेल्ट वर काढले. २०२२ च्या सप्टेंबरात सायरस मिस्त्री पालघरजवळ गेले, मागच्या सीटवर, बेल्ट न लावता. गाडी मर्सिडीज होती. आपली तर सातशे-साडेसातशे किलोची पत्र्याची डबी.

हिशोब बघा. नाव १७,०००, दुरुस्ती ३१,०००, मिळून ४८,०००. पहिल्या वेळच्या सजावटीपेक्षा दहा हजार जास्त. त्या दहा हजारांच्या जागी आम्ही ३,८०,००० भरले, आणि एका मुलाचा पाय. तो अजून थोडा लंगडतो.

कोणीतरी म्हणेल, "एवढं कशाला, सरळ नवी घ्या ना हप्त्यावर." ज्यांना झेपतं त्यांनी जरूर घ्यावी. जुन्या अल्टोची मर्यादा मी लपवत नाही. तिला एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि कितीही पैसे ओतले तरी ते नंतर बसवता येत नाही. तिच्या पुढच्या पिढीच्या अल्टो ८०० ला, एअरबॅग नसलेल्या मॉडेलला, २०१४ च्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत शून्य तारे मिळाले होते. म्हणून आम्ही ती गावात चालवतो, फार तर उज्जैन किंवा महू. पुण्याला बसनं जातो. रात्रीच्या हायवेला ती काढायची नाही हा घरचा नियम आहे, आणि तो मी केला आहे. पण पेन्शनवर घर चालवणाऱ्यांनी, पहिली नोकरी लागलेल्या पोरांनी, आईला दवाखान्यात न्यायला गाडी हवी म्हणून जुनी घेतली तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. एक लाख त्र्याहत्तर हजारांत आमच्याकडे आज एक प्रामाणिक गाडी आहे. २०२४ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, ५,००० फी भरून, तपासणी करून पाच वर्षांची नोंदणी पुन्हा मिळाली. उस्ताद म्हणाले, "अब ये गाड़ी आपकी हुई." खरंय. सात वर्षं लागली.

देणाऱ्यांनाही एक सांगते, कारण पुण्या-मुंबईचे नातेवाईकही हे वाचतात. भावाला, भाच्याला, जावयाला गाडी देताना मन मोठं करा, पैसे कमी घ्या, पण किल्ली देण्याआधी फॉर्मवर सह्या घ्या आणि ना-हरकत पत्राचा अर्ज टाका. "तुझ्यावर विश्वास आहे" हे वाक्य त्या जागी चालत नाही. आमच्या भाऊजींचा आमच्यावर पूर्ण विश्वास होता.

त्या फोटोतल्या कुटुंबाला मी वेगळा मेसेज केला आहे, इथे त्यांना बोल लावायचा हेतू नाही. गाडी सुंदर आहे, माणसं त्याहून गोड आहेत. म्हणूनच सांगितलं.

आता उठा आणि गाडीच्या कप्प्यातली आरसी काढा. नाव कोणाचं आहे, विम्याची तारीख काय आहे, ते बघा. मग खाली वाकून टायरवरचे चार आकडे वाचा. जे निघेल ते खाली लिहा, लाजू नका. आमचे २३११ होते, मी सांगितले ना?